तळणाचं उरलेलं तेल: किती वेळा वापरायचं, कसं साठवायचं, कुठे द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात तळण झालं की तेल उरतं. ते किती वेळा वापरलं तर चालतं? नंतर त्याचं काय करायचं? सिंकमध्ये कडकडीत पाणी आणि साबणाबरोबर सोडून दिलं तर जातं का? घरच्या घरी साबण किंवा गाडीचं इंधन करता येतं म्हणतात, ते जमेल का? शिवाय गाडीतून काढलेलं जुनं इंजिन ऑइलही एका डब्यात पडून आहे. दोन्ही एकाच कॅनमध्ये भरून देऊन टाकू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. एकत्र करू नका. चमचाभरसुद्धा नाही.

वापरलेलं खाद्यतेल गोळा करायचं, गाळून-निवळून साफ करायचं आणि पुढे बायोडिझेल (तेलापासून केलेलं, डिझेलऐवजी चालणारं इंधन) किंवा साबण करणाऱ्यांकडे पाठवायचं, हे माझं कितीतरी वर्षांचं काम आहे. पिंप आलं की आम्ही आधी झाकण उघडून वास घेतो. मग काचेच्या बरणीत थोडं तेल घेऊन उजेडासमोर धरतो. तळणाचं तेल चांगलंच जुनं असलं तरी बरणीतून तांबूस उजेड आरपार येतो, कडेला मधासारखी छटा दिसते. एकदा अशीच बरणी धरली तर पलीकडचं माझं बोटही दिसेना. वास तळणाचा नव्हता, गॅरेजचा होता. दोनशे लिटरच्या त्या पिंपात कुणीतरी जुनं इंजिन ऑइल ओतलं होतं. इंजिन ऑइलमधली काजळी इतकी बारीक असते की कापडातून, जाळीतून खुशाल निघून जाते. आणि ही दोन्ही तेलं एकमेकांत मिसळून जातात; पाणी जसं तळाशी बसतं तसा यांचा वेगळा थर होत नाही. कितीतरी घरांनी निगुतीनं गाळून साठवलेलं ते तेल शेवटी घातक कचरा म्हणून जाळायला द्यावं लागलं, तेही पदरचे पैसे मोजून. ते पिंप आठवलं की अजूनही वाईट वाटतं.

हे प्रकरण पैशावरच थांबतं असंही नाही. बेल्जियममध्ये १९९९ साली काय झालं ते या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. पुनर्वापरासाठी गोळा केलेल्या चरबी-तेलात पीसीबी हे विषारी रसायन असलेलं ट्रान्सफॉर्मरचं तेल मिसळलं गेलं. त्या काळी अशी चरबी जनावरांच्या खाद्यात घालत. ती सुमारे ५०० टन खाद्यात गेली, खाद्य कोंबड्यांना आणि डुकरांना गेलं, आणि त्या तेलातलं पीसीबी आणि त्याच्याबरोबरचं डायॉक्सिन हे विष अंड्या-मांसातून माणसांच्या ताटापर्यंत पोचलं. आधी लक्षात आलं ते एवढंच की कोंबड्यांची अंडी नीट उबत नाहीत. पुढे हजारो फार्म बंद ठेवावे लागले, दुकानांतून माल उचलावा लागला. चुकीच्या टाकीत पडलेल्या चुकीच्या तेलानं हे सगळं केलं.

आता तळणाकडे येऊ. तेल नेमकं कशानं बिघडतं ते समजलं की 'किती वेळा' याचं उत्तर तुमचं तुम्हालाच देता येईल. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका कण्याला जोडलेली तीन फॅटी ॲसिडं. कढईत त्यावर तीन बाजूंनी हल्ला होतो. पदार्थातल्या पाण्याची वाफ हा रेणू तोडते आणि फॅटी ॲसिडं सुटी होतात; ती जितकी जास्त तितकं तेल लवकर धुरावतं. हवेतला ऑक्सिजन तेलाला खवट करतो आणि त्यातून आल्डिहाइड तयार होतात. त्यातली काही शरीराला अपायकारक आहेत. आणि उष्णतेनं रेणू एकमेकांना चिकटून लांबलचक साखळ्या होतात. कढईच्या काठावर जो पिवळसर, घासूनही न निघणारा लुकण बसतो तो हाच. तो काठावर दिसायला लागला म्हणजे आतल्या तेलातही तीच प्रक्रिया चालू आहे असं समजा.

म्हणून मी आकडा सांगायला कचरतो, पण विचारलंच आहे म्हणून सांगतो: पदार्थ कोरडा असेल, आच आटोक्यात असेल आणि तेल लगेच गाळलं असेल तर घरी दोनदा, फार तर तीनदा. मासे, मसाला लावलेलं किंवा पीठ सुटणारं काही तळलं असेल तर एकदाच. तळण १६० ते १८० अंश सेल्सियसवर उत्तम होतं. त्यापुढे नेलं की चव वाढत नाही, तेल मात्र झपाट्यानं म्हातारं होतं. मीठ तळून झाल्यावर भुरभुरवा. तळताना पडलेलं मीठ आणि ओल दोन्ही तेलाच्या मुळावर येतात. तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल तापवू किंवा साठवू नका, तांब्यामुळे तेल फार लवकर खवटतं.

टाकून द्यायची वेळ ओळखायला रंगावर विसंबून राहू नका. मसाल्यानं तेल एकाच तळणात काळवंडतं आणि साधं बटाट्याचं तेल बिघडूनही पिवळंच दिसतं. फेस बघा. पदार्थ टाकल्यावर उठणारे मोठे बुडबुडे पाण्याच्या वाफेचे असतात, ते फुटून जातात. तेल थकलं की बारीक, साबणासारखा फेस येतो आणि तो पदार्थ बाहेर काढला तरी लवकर बसत नाही. नेहमीच्या आचेवरच धूर निघू लागला, डोळे चुरचुरले, झाऱ्यावरून तेल थेंबाथेंबानं न पडता ओघळायला लागलं की पुरे. उपाहारगृहांसाठी बऱ्याच देशांनी तेल बिघडताना त्यात तयार होणाऱ्या 'पोलर' घटकांची मर्यादा ठरवली आहे, बहुतेक ठिकाणी २४ ते २७ टक्के; ते मोजायचं हातातलं यंत्रही मिळतं. घरी नाक आणि डोळे पुरतात, फक्त त्यांचं ऐकायला हवं.

एक सवय मात्र सोडा: उरलेल्या तेलात थोडं नवं ओतून ते 'ताजं' करणं. जुन्या तेलात ऑक्सिडेशनची साखळी आधीच सुरू झालेली असते, नवं तेल तिच्यात ओढलं जातं. थोडं वाचवायला जाऊन दोन्ही हातची जातात.

तेल पुन्हा वापरायचं असो की द्यायचं असो, तळणानंतरच्या तासाभरात काय करता यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं. आच बंद करा, झाकण न ठेवता हात सोसेल इतकं निवू द्या. झाकण ठेवलं तर वाफेचं पाणी परत तेलात पडतं. गरम तेल प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतू नका, बाटली आक्रसते आणि बूड सुटलं तर भाजतं. नंतर नसराळ्यात बारीक गाळणी, तिच्यावर दुपदरी सुती फडकं, आणि धार सावकाश. कढईच्या तळाशी काळे कण आणि पिठाचा साका असतो. तो फडक्यावरही ओतू नका, तिथेच ठेवून कागदानं पुसून घ्या. हे कण तेलात राहिले तर पुढच्या वेळी जळतात आणि कडवटपणा आणतात, आणि साठवणीत तेल नासायची सुरुवात त्यांच्यापासूनच होते. पुन्हा वापरायचं तेल घट्ट झाकणाच्या बाटलीत, अंधारात, गार जागी ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. द्यायच्या तेलाचा कॅन वेगळा ठेवा आणि त्यावर ठळक लिहा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी त्यात भलतंच काही ओतणार नाही.

कॅन आधी पूर्ण कोरडा हवा. पाणी हा आमचा रोजचा शत्रू आहे. पाणी तळाला बसतं, तेल आणि पाणी भेटतात तिथे जंतू वाढतात, आंबूस घाण वास सुटतो आणि सुट्या ॲसिडचं प्रमाण चढत जातं. घरी पाहायचं असेल तर पळीभर तेल मंद आचेवर धरा: तडतडलं तर त्यात पाणी आहे. पळीभरच, आणि चेहरा लांब ठेवून. पाणी निघालं तर कॅन दोन-तीन दिवस न हलवता ठेवा, वरचं स्वच्छ तेल हळूच दुसरीकडे ओता आणि तळचं गढूळ बाजूला काढा.

सिंकचं म्हणाल तर गरम पाण्यानं तेल जात नाही, पुढे जातं एवढंच. तुमच्या नळीतून ते पातळ होऊन निघतं आणि रस्त्याखालच्या गार नळात थिजतं. तिथे सुटी फॅटी ॲसिडं पाण्यातल्या आणि काँक्रीटमधल्या कॅल्शियमला भेटली की कॅल्शियमचा साबण बनतो. तो पाण्यात विरघळत नाही, भिंतीला दगडासारखा बसतो आणि जे जे वाहत येईल ते धरून ठेवतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली असा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला. तो फोडून काढायला कामगारांना कित्येक आठवडे त्या नळात उतरावं लागलं. भांड्याचा साबण तेलाचे थेंब सुटे ठेवतो, पण पुढे पाणी वाढून साबण विरळ झाला की ते थेंब पुन्हा एकत्र येतात. आणि कॅनभर तेल ओतणारे थोडेच असतात; नळात जाणारं बरंचसं तेल ताटाला, तव्याला, कढईला चिकटलेलं असतं. धुण्याआधी भांडं कागदानं किंवा जुन्या फडक्यानं पुसलं तर निम्मं काम होतं.

त्या तेलकट कागद-फडक्यांबद्दल एक इशारा, कारण हा धोका फारसा कुणाला ठाऊक नसतो. जवस, सूर्यफूल, सोयाबीन यांसारखी तेलं हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतात. उघड्या भांड्यात ती निघून जाते. पण तेल पसरलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, वाढत जाते, आणि कुणीही काडी न लावता फडकं पेटू शकतं. जवसाचं तेल यात सगळ्यात वाईट. पण तेल नीट न निघालेले स्वयंपाकघरातले टॉवेल ड्रायरमधून गरमागरम काढून थप्पी लावल्यामुळेही आगी लागल्या आहेत. तेलकट फडकी मोकळी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका.

आता साबण. हा मात्र घरी जमतो, आणि वापरलेल्या तेलाचं याहून समाधानकारक काही मी पाहिलेलं नाही. तेल आणि कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड; खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा नव्हे) एकत्र आले की साबण आणि ग्लिसरीन होतं. प्रत्येक तेलाला सोडा किती लागतो ते ठरलेलं असतं आणि तिथे अंदाज चालत नाही: कमी पडला तर वडी मऊ, चिकट राहते; जास्त झाला तर हात भाजतो. नुसत्या तळणाच्या तेलाची वडी मऊ होते आणि लवकर खवटते, म्हणून मी त्यात खोबरेल घालतो. माझं प्रमाण असं: ७०० ग्रॅम गाळलेलं सूर्यफूल, सोयाबीन किंवा शेंगदाण्याचं तेल, ३०० ग्रॅम नवं खोबरेल, १४० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि ३३० ग्रॅम पाणी. जुनं तेल मोहरीचं असेल तर सोडा १३० ग्रॅम. सगळं वजन काट्यावर. मापाच्या पेल्यानं किंवा वाटीनं नाही. यात सोडा मुद्दाम लागतो त्याहून थोडा कमी धरला आहे, म्हणजे सुटा सोडा शिल्लक राहत नाही. सोडा शुद्ध घ्या. नळ मोकळे करायच्या पुड्यांमध्ये ॲल्युमिनियमचे तुकडे असू शकतात, त्या चालणार नाहीत.

तेलाला वास फार असेल तर आधी ते धुऊन घ्या: तेलाएवढंच पाणी, त्यात मूठभर मीठ, मंद आचेवर उकळी, मग रात्रभर निवू द्या आणि वरचं तेल उतरवून घ्या. ते पुन्हा हलकं तापवून ओल घालवा. वास पूर्ण जात नाही, पण बराच उतरतो.

चश्मा, लांब हातमोजे, पूर्ण बाह्या आणि उघड्या खिडक्या, यातलं एकही कमी असेल तर सुरुवात करू नका. मुलं आणि घरातली जनावरं त्या खोलीत नकोत. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच नाही. उलट केलं तर ते उसळून अंगावर येतं. मिश्रण क्षणात ८०-९० अंशांपर्यंत तापतं आणि त्याच्या वाफेनं घसा धरतो, तोंड बाजूला ठेवा. भांडं स्टीलचं किंवा जाड, उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकचं. ॲल्युमिनियम अजिबात नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन वायू निघतो. द्रावण आणि तेल दोन्ही साधारण ४० अंशांवर आली की द्रावण बारीक धारेनं तेलात सोडा आणि ढवळत राहा. आधी गढूळ होतं, मग कस्टर्डसारखं दाटतं. चमच्यावरून पडणारी धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ धरून राहिली की साच्यात ओता. कधी ही रेघ दहा मिनिटांत येते, कधी तास लागतो. एक-दोन दिवसांनी वड्या कापा आणि हवेशीर फळीवर चार ते सहा आठवडे ठेवा. हा साबण कपड्यांना, फरशीला, तेलकट भांड्यांना छान आहे. चेहऱ्याला लावू नका. बिघडलेल्या तेलात काय काय तयार झालं आहे त्याची यादी कुणीच देऊ शकत नाही.

गाडीच्या इंधनाचं मात्र घरी करू नका, असं मी ठामपणे सांगेन. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हे खरं आहे. पण ते त्या काळचं इंजिन. वनस्पती तेल डिझेलच्या दहापटीच्या आसपास दाट असतं. आजच्या इंजिनच्या बारीक नोझलमध्ये ते नीट फवारलं जात नाही, कार्बन धरतं आणि इंजिन बसतं. ते पातळ करायचं म्हणजे मिथेनॉलबरोबर प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढायचं. मिथेनॉल विषारी आहे, त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातं, दृष्टी घालवू शकतं, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. वाफ साठली तर स्वयंपाकघरात एक ठिणगी पुरते. हे काम बंद टाक्यांचं आणि शिकलेल्या हातांचं आहे.

तुमचं काम त्यांना चांगलं तेल देण्याचं. जपानमधल्या क्योटो शहरानं १९९७ पासून घरोघरचं तेल जमवून त्याच्या बायोडिझेलवर कचऱ्याच्या गाड्या चालवल्या. २०११ साली ॲमस्टरडॅमहून पॅरिसला प्रवाशांचं विमान गेलं, त्याच्या इंधनात वापरलेलं खाद्यतेल होतं. कारखान्यात आलेल्या तेलाचं सुटं ॲसिड, पाणी आणि गाळ तपासतात. ॲसिड जास्त असेल तर प्रक्रियेसाठी घातलेली अल्कली (कॉस्टिक सोड्यासारखं द्रव्य) इंधनाऐवजी साबण करण्यात खर्च होते आणि टाकीत चिकट लगदा उरतो. कॅनमध्ये पाणी नको, गाळ नको असं मी सांगत होतो ते यासाठी.

किरकोळ वापर म्हणून वातीच्या दिव्यात गाळलेलं तेल जळतं. काजळी आणि वास दोन्ही येतात, तेव्हा तो बाहेरच लावा. बिजागरी, कुलूप, शिवणयंत्र, सायकलची साखळी यांना ते घालू नका. काही आठवड्यांत त्याचा कढईवर बसतो तसाच लुकण होतो आणि कुलूप कायमचं रुसतं. झाडांच्या बुंध्याशी ओतू नका. मातीचे कण तेलानं माखले की पाणी झिरपत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. कंपोस्टमध्ये पुसलेल्या कागदावरचं तेल जिरतं, वाटीभर ओतलेलं नाही. जनावरांनाही घालू नका. युरोपीय संघात उपाहारगृहांचं वापरलेलं तेल पशुखाद्यात घालायला बंदी आहे, आणि कारण तुम्ही वर वाचलंच.

जवळपास तेल घेणारं कुणीच नसेल तर शेवटचा मार्ग म्हणजे ते घट्ट करून कचऱ्यात देणं. एरंडेलापासून केलेली एक मेणासारखी पूड मिळते; ती गरम तेलात विरघळवली की गार होताना तेलाची वडी थिजते. ती नसेल तर तेल गार करून जुन्या बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळी द्या.

तुमच्या डब्यातल्या इंजिन ऑइलचंही पुढचं आयुष्य आहे. ल्युब्रिकंटचं मूळ तेल फारसं झिजत नाही. त्यात मिसळलेली द्रव्यं संपतात आणि घाण साठते. शुद्धीकरण कारखान्यात ते पुन्हा ऊर्ध्वपातन करून नव्यासारखं बेस ऑइल करता येतं. ऑइल बदलणाऱ्या गॅरेजकडे किंवा अधिकृत संकलन केंद्रावर द्या. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासणं, धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडणं, शेकोटीत टाकणं, हे सगळं थांबवा: त्यात धातूंचे कण आणि कर्करोगकारक संयुगं असतात, आणि ते वारंवार हाताला लागणं त्वचेसाठी वाईट आहे. ते ज्या डब्यात ठेवलं तो डबा नंतर कितीही घासला तरी खाद्यतेलासाठी वापरू नका.

आणि हे वाचेपर्यंत दोन्ही तेलं एकत्र झालीच असतील तर तो सगळा कॅन इंजिन ऑइल समजा. कॅनवर 'मिश्र' असं लिहा, देताना तोंडानंही सांगा, आणि तळणाच्या तेलासाठी नवा कोरडा कॅन घ्या.